काळ्या पट्ट्यांच्या बाजूने

७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर या देशाने एका आलेखाकडे डोळे लावले होते. चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरची नियोजित वाट लाल रेषेने दाखवली होती आणि प्रत्यक्ष वाट हिरव्या ठिपक्याने. चंद्रपृष्ठापासून २.१ किलोमीटर उंचीपर्यंत संपर्क होता, अशी घोषणा नंतर झाली. ठिपका रेषेपासून बाजूला सरकलेला प्रेक्षकांनी तिच्या आधीच पाहिला होता. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरले, तेव्हाही नियंत्रण कक्षातील आलेख आणि आकडेच लोक श्वास रोखून वाचत होते. अशा प्रसंगी दूरचित्रवाणीवरील चित्र हे मोजमापाचे साधन होते. आणि मोजमापाचे साधन म्हटले की त्याच्या अचूकतेचा प्रश्न येतोच.

आजची बहुतेक प्रसारणे १६:९ या रुंद आकारात तयार होतात. जुने चित्रनळीचे संच ४:३ आकाराचे. हे संच आता थोडेच उरले आहेत, ते काही वर्षांत आपोआप भंगारात जातील, मग त्यांची चिंता कशाला, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. याचे एक कारण सामाजिक आहे: जुना संच ज्या घरात उरतो, त्या घरात तो सहसा एकमेव असतो. दुसरे कारण विज्ञानाचे आहे: रुंद चित्र अरुंद पडद्यावर बसवताना जे घडते त्यात भूमिती, माहिती आणि प्रामाणिकपणा यांचा जो हिशोब आहे, तो चुकीचा मांडण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि ती जुन्या संचांबरोबर भंगारात जाणारी नाही.

हिशोब अगदी साधा आहे. जुना २० इंची संच घ्या. २० इंच हा त्याचा कर्ण. बाजू ४:३ प्रमाणात असल्याने ३-४-५ चा काटकोन त्रिकोण तयार होतो आणि पडदा बरोबर १६ इंच रुंद, १२ इंच उंच निघतो. पूर्ण रुंदी वापरून त्यावर १६:९ चित्र बसवले तर त्याचा आकार होतो १६ इंच बाय ९ इंच. उरलेल्या ३ इंचांपैकी दीड इंच वर आणि दीड इंच खाली काळे राहते. याला लेटरबॉक्स म्हणतात, कारण चित्र टपालपेटीच्या फटीतून पाहिल्यासारखे दिसते. पडद्याचा एक चतुर्थांश भाग वाया गेला, अशी तक्रार येथूनच सुरू होते.

ती टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, चित्राची उंची पूर्ण १२ इंच करायची आणि दोन्ही बाजूंचे जे बाहेर जाईल ते कापून टाकायचे. यात मूळ चित्राच्या रुंदीचा एक चतुर्थांश भाग जातो, डावीकडून साडेबारा टक्के आणि उजवीकडून तितकाच. दुसरा मार्ग, काहीही न कापता चित्र आडवे दाबून चौकटीत कोंबायचे. मग माणसे उंच आणि काटकुळी होतात, क्रिकेटचा चेंडू उभ्या अंड्यासारखा दिसतो. यापलीकडे सांगितले जाणारे सारे उपाय या तिघांची मिश्रणे आहेत. रुंद चित्राचे अरुंद पडद्यावर नुकसान होणारच. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या खात्यावर टाकायचे: पडद्याच्या, आशयाच्या की आकाराच्या.

आवर्तसारणीचे उदाहरण घ्या. तिच्यात १८ स्तंभ असतात. रसायनशास्त्राच्या पाठात ती १६:९ चौकटीच्या संपूर्ण रुंदीवर पसरून दाखवली आणि प्रेक्षकाच्या संचावर बाजू कापल्या गेल्या, तर प्रत्येक बाजूचे सव्वादोन स्तंभ नाहीसे होतात. म्हणजे डावीकडचे पहिले दोन गण आणि उजवीकडचे सतरावा व अठरावा हे गण. हायड्रोजन गेला, सोडियम गेला, कॅल्शियम गेला. क्लोरीन गेला, हेलियमपासूनचे सगळे निष्क्रिय वायू गेले. सोडियम नाही आणि क्लोरीनही नाही, म्हणजे मीठ नाही. उरली ती मुख्यतः मधल्या धातूंची सारणी. ती पाहून कोणाला आवर्तन समजणार? विशेष म्हणजे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला काही हरवले आहे याची खूणही मिळत नाही. पडदा काठोकाठ भरलेला असतो. शिक्षक मात्र पडद्याबाहेरच्या कशाकडे तरी बोट दाखवत बोलत असतात.

दाबलेल्या चित्रात काही हरवत नाही, सगळे बिघडते. ४५ अंशांची रेषा १६:९ चौकटीतून ४:३ मध्ये दाबली की सुमारे ५३ अंशांची होते. उलट, ४:३ चित्र रुंद संचावर ताणले की तीच रेषा सुमारे ३७ अंशांवर येते. ३-४-५ च्या त्रिकोणाचेच हे दोन लघुकोन. आलेखाच्या अक्षांवर आकडे असतील तर वाचन बिघडत नाही हे खरे, परंतु डोळा आधी उतार पाहतो आणि आकडे नंतर. नकाशाला तर ही सोयही नसते. भारताचा उत्तर-दक्षिण विस्तार ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर आहे, म्हणून आपला नकाशा रुंदीपेक्षा थोडा उंच दिसतो. ताणलेल्या चित्रात तो उंचीपेक्षा रुंद होतो. दाबलेल्या चित्रात इतका अरुंद होतो की गुजरात आणि आसाम एकमेकांच्या शेजाराला यावेत.

खगोलचित्रांची गत याहून वाईट. ग्रहांमध्ये सर्वांत चपटा शनी. त्याचा ध्रुवीय व्यास विषुववृत्तीय व्यासापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी आहे. गुरूच्या बाबतीत हा फरक साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि दुर्बिणीतून तो ओळखू येतो. ताणलेल्या पडद्यावरचा पूर्ण चंद्र २५ टक्के चपटा असतो. म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीत आपण शनीच्या अडीचपट चपटा चंद्र पाहतो आणि कोणी एक शब्द बोलत नाही! माणसाच्या चेहऱ्याची मेंदू आपोआप दुरुस्ती करतो, चार मिनिटांत ताणलेले चेहरे सवयीचे होतात. पण ग्रहणाच्या थेट प्रक्षेपणात सूर्यबिंबाचा कितवा भाग झाकला गेला हे डोळ्यांनी अजमावणाऱ्या शाळकरी मुलीला ही सवय फसवते.

आता दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे तेही मांडले पाहिजे, कारण ते लहान नाही. आपल्या पद्धतीच्या जुन्या प्रसारणात चित्राच्या ५७६ रेषा दिसतात. काळ्या पट्ट्या ठेवल्या की चित्राला त्यातल्या ४३२ उरतात. उच्च सुस्पष्टतेच्या मूळ चित्रात १,०८० रेषा असतील आणि त्यात एखादे अक्षर २५ रेषा उंच असेल, तर पट्ट्यांमधल्या चित्रात ते १० रेषांचे होते. बाजू कापून उंची पूर्ण वापरली तर तेच अक्षर १३ रेषांचे राहते. चौदा इंची संचावर, आठ फूट अंतरावरून, दहा रेषांच्या मराठी जोडाक्षराची रफार आणि वेलांटी वाचून दाखवा म्हणावे! मराठीला वर शिरोरेषा, तिच्याही वर मात्रा आणि खाली उकार लागतात. रोमन लिपीला पुरतात तेवढ्या रेषा देवनागरीला पुरत नाहीत. शिवाय चित्रनळीचा काळा रंग पुरता काळा नसतो. उजेड असलेल्या खोलीत त्या पट्ट्या राखाडी दिसतात आणि सतत डोळ्यांत येतात. तेव्हा 'मी पूर्ण पडद्याचे पैसे मोजले आहेत' असे म्हणणारा प्रेक्षक अडाणी नव्हता.

तरीही माझे मत पट्ट्यांच्या बाजूचे आहे. लहान झालेले अक्षर जवळ जाऊन वाचता येते, कापलेले अक्षर कितीही जवळ गेले तरी वाचता येत नाही. आणि काळी पट्टी स्वतःबद्दल खोटे सांगत नाही. चित्र येथे संपले, एवढेच ती सांगते.

मुळात हे दोन आकार आले कुठून, हे पाहिल्याशिवाय हा झगडा नीट समजत नाही. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी ३५ मिलिमीटर फिल्मवर जी चौकट बसवली, ती १ इंच रुंद आणि पाऊण इंच उंच होती. तीच ४:३. पुढे दूरचित्रवाणीने सिनेमाचाच आकार उचलला. मग घराघरांत संच पोहोचू लागले, चित्रपटगृहे रिकामी पडू लागली आणि घरी मिळणार नाही असे काहीतरी देण्यासाठी सिनेमा रुंद झाला. १९५३ साली सिनेमास्कोप आला. आपल्याकडे १९५९ च्या 'कागज के फूल' ने तो आणला. ज्या वर्षी भारताला पहिला सिनेमास्कोप चित्रपट मिळाला, त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. दोन न जुळणारे आकार एकाच वर्षी आपल्या दारात आले.

सिनेमास्कोपमागची युक्ती एका खगोलशास्त्रज्ञाची होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फ्रान्सच्या आंरी क्रेतियाँ यांनी १९२० च्या दशकात असे भिंग बनवले की ते रुंद दृश्य आडवे दाबून नेहमीच्या फिल्मवर उतरवी आणि प्रक्षेपकावरचे तसेच भिंग ते पुन्हा उलगडून दाखवी. हेच क्रेतियाँ जॉर्ज रिची यांच्याबरोबर रिची-क्रेतियाँ दुर्बिणीचे जनक. हबल दुर्बीण याच रचनेची आहे. लडाखमधील हानले येथील २ मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण आणि नैनितालजवळच्या देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीणही याच रचनेच्या. क्रेतियाँच्या भिंगाबद्दल लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की त्यात दाबणे आणि उलगडणे ही जोडी होती. दाबणाऱ्याला माहीत होते की पुढे उलगडणारा आहे, आणि किती पट उलगडायचे हेही ठरलेले होते. दाबलेले चित्र त्यामुळे दोष ठरले नाही; ती माहिती सुरक्षित नेण्याची पद्धत ठरली. आपल्या दूरचित्रवाणीवर उंच-बारीक माणसे दिसली ती उलगडण्याचा निरोप वाटेत हरवल्यामुळे.

१९८० च्या दशकात नव्या दूरचित्रवाणीसाठी आकार ठरवायची वेळ आली, तेव्हा कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने प्रचलित आकारांचे समान क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर ठेवून पाहिले. त्या सर्वांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सर्वांत सामाईक असा आतला आयत, दोन्ही जवळपास १.७७ या गुणोत्तराचे निघाले. कारण गणिती आहे: ४:३ म्हणजे १.३३ आणि सिनेमास्कोपचे २.३५, या दोन टोकांचा भूमितीय मध्य १.७७ येतो. १६ भागिले ९ म्हणजे १.७८. हा आकार कोणाचाच नव्हता, म्हणूनच सर्वांना चालला. सर्वांचे नुकसान कमीत कमी ठेवणारी तडजोड म्हणून तो निवडला गेला, पण नुकसान शून्य करण्याची शक्ती कोणत्याच आयतात नसते.

रंग आला तेव्हा असा पेच पडला नव्हता, ही तुलना येथे उपयोगी आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास भारतात रंगीत प्रसारण सुरू झाले, पण कृष्णधवल संच एका रात्रीत निकामी झाले नाहीत. पाल पद्धतीत उजळपणाचा संकेत वेगळा आणि रंगाचा वेगळा ठेवला होता. जुना संच पहिला वाचे आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करी. जुन्या संचाच्या मालकाला काही विचारावे लागले नाही, काही सोसावेही लागले नाही. आकाराच्या बाबतीत अशी गुपचूप जोड शक्य नव्हती. युरोपने १९९० च्या दशकात पालप्लस नावाचा एक देखणा प्रयत्न केला. त्यात जुन्या संचावर पट्ट्यांसह रुंद चित्र दिसे आणि रुंद संचासाठी लागणारा सूक्ष्म तपशील त्या काळ्या पट्ट्यांतच, डोळ्याला न जाणवेल अशा रीतीने लपवून पाठवला जाई. रिकाम्या वाटणाऱ्या जागेत माहिती भरलेली होती. अंकीय प्रसारण आले आणि ही पद्धत मागे पडली, पण तिच्यामागचा विचार मला आजही मोहवतो.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९८ मध्ये अंकीय प्रसारण सुरू केल्यावर जुन्या संचांसाठी १४:९ असा मधला मार्ग वापरला. रुंद चित्राच्या दोन्ही बाजूंचे मिळून साडेबारा टक्के कापायचे आणि उरलेले चित्र बारीक पट्ट्यांसह दाखवायचे. चित्रीकरण करणाऱ्यालाच आधी सांगितलेले असे की महत्त्वाचे काही कडेला ठेवू नका. ही तडजोड चांगली की वाईट, यापेक्षा ती ठरवून केलेली होती आणि कॅमेऱ्यापासून घरापर्यंत सर्वांना ठाऊक होती, याला मी अधिक किंमत देतो.

आपल्याकडे दूरदर्शनचे उच्च सुस्पष्टतेचे प्रसारण ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांनी सुरू झाले. २०१२ च्या अखेरीपासून महानगरांत आणि पुढे इतरत्र केबलचे अंकीकरण झाले, आणि जुन्या संचापुढे सेट-टॉप बॉक्स येऊन बसला. येथपासून चित्राच्या आकाराचा निर्णय तीन ठिकाणी होऊ लागला: वाहिनीच्या केंद्रात, बॉक्समध्ये आणि संचात. पहिल्याने दुसऱ्याला नीट निरोप दिला तर गोष्ट सोपी असते. अंकीय प्रवाहात चित्राचे गुणोत्तर सांगणारे चार बिट असतात, आणि चौकटीतला नेमका कोणता भाग महत्त्वाचा आहे हे सांगणारी आणखी एक चार बिटांची खूण जोडता येते. दोन्ही मिळून आठ बिट, एका रोमन अक्षराएवढी माहिती. वाहिनीने पूर्ण ५७६ रेषांत दाबलेले रुंद चित्र पाठवावे, सोबत ही खूण द्यावी. मग रुंद संच ते उलगडेल आणि जुन्या संचापुढचा बॉक्स पट्ट्या घालील. क्रेतियाँच्या भिंगांची जोडी पुन्हा जुळली.

पण चुकीची खूण लागली तर? समजा, चित्र १६:९ आहे आणि खूण ४:३ ची आहे. जुन्या संचाच्या बॉक्सला वाटते की चित्र आपल्याच आकाराचे आहे. तो ते तसेच दाखवतो आणि माणसे काटकुळी होतात. रुंद संचाच्या मालकाने मात्र रिमोटवरून चित्र कायमचे 'फुल' करून ठेवलेले असते, त्यामुळे त्याला ते अगदी बरोबर दिसते. आणि वाहिनीच्या नियंत्रण कक्षातील पडदे कोणत्या आकाराचे असतात? रुंद. म्हणजे जो दोष फक्त जुन्या संचावर उमटतो, तो दुरुस्त करू शकणाऱ्या माणसाला कधीच दिसत नाही. ज्याला दिसतो, त्याचे म्हणणे वरपर्यंत पोहोचत नाही. खुणेऐवजी पट्ट्या चित्रातच भाजून पाठवल्या तर उलटा घोळ होतो: रुंद संचावर वरखालच्या पट्ट्यांसह बाजूंच्याही पट्ट्या येतात आणि चारही बाजूंनी काळ्या चौकटीत टपालतिकिटाएवढे चित्र उरते, पडद्याच्या नऊ-सोळांश भागात. हे पाहून कंटाळलेला माणूस रिमोट उचलतो आणि सगळेच ताणून टाकतो. लोकांना ताणलेले चित्र आवडते, असे म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्या हाती काय दिले होते ते पाहावे.

करमणुकीच्या वाहिन्यांनी काय करावे यावर मी वाद घालणार नाही. शैक्षणिक वाहिन्यांची गोष्ट वेगळी आहे. 'स्वयंप्रभा' वाहिन्या २०१७ पासून आहेत. मे २०२० मध्ये, शाळा बंद असताना, पीएम ई-विद्या योजनेखाली पहिली ते बारावीसाठी इयत्तावार बारा वाहिन्यांची घोषणा झाली. ज्या मुलांकडे इंटरनेट आणि स्मार्टफोन नाही त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा दूरचित्रवाणीचा मार्ग घेण्याचा हेतू. तेव्हा ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्याकडचा टीव्ही कोणत्या आकाराचा असू शकेल, हा प्रश्न पाठ तयार करणाऱ्याने स्वतःला पहिल्याच दिवशी विचारायला हवा. या देशाला तो विचारता येत नव्हता असे नाही. १९७५-७६ च्या साइट प्रयोगात इस्रोच्या अभियंत्यांनी सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहाचे कार्यक्रम थेट पोहोचवले, तेव्हा कोंबड्यांच्या जाळीपासून बनवलेली अँटेना आणि गावातला सामायिक संच यांची मर्यादा धरूनच सारी रचना आखली होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या आरंभबिंदूचा विसर पडावा याचे मला वाईट वाटते.

उपाय खर्चिक नाहीत. फळ्यावरचे किंवा सरकपट्टीवरचे कोणतेही अक्षर, समीकरण वा आकृती चौकटीच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीबाहेर जाऊ देऊ नये. कडेला शिक्षकाचा खांदा किंवा भिंत असू द्यावी. ती कापली गेली तर कोणाचे शिक्षण अडत नाही. अक्षरे अशी मोठी ठेवावीत की ४३२ रेषांतही रफार वाचता यावी. आणि प्रत्येक शैक्षणिक प्रसारण केंद्रात जुन्या आकाराचा एक चालू संच ठेवावा. महागड्या मापनयंत्राची आवश्यकता नाही, कोणाच्या तरी घरी अडगळीत पडलेला चौदा इंची संच पुरेल. घरच्या विद्यार्थ्याने बॉक्सच्या मेनूत जाऊन 'लेटरबॉक्स' निवडावे. तेथे 'पॅन अँड स्कॅन' असेल तर बाजू कापल्या जात आहेत असे समजावे. काही उत्तरकालीन चित्रनळी संचांत १६:९ ची खास सोय आहे. तीत इलेक्ट्रॉन झोताचा उभा फेराच आटोपता घेतला जातो आणि सगळ्या ५७६ रेषा नऊ इंचांत उतरतात, एकही रेषा काळ्या पट्टीवर खर्च होत नाही. ज्यांच्या संचात ही सोय असेल त्यांच्यासाठी तो सर्वांत उत्तम मार्ग.

हाच प्रश्न आता उलट्या दिशेनेही आला आहे, म्हणून जुने संच गेल्यावर तो संपेल असे मी मानत नाही. १५ ऑगस्ट १९८४ ला सुरू झालेली विद्यापीठ अनुदान आयोगाची 'कंट्रीवाइड क्लासरूम', यशपाल ज्यात प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत ते 'टर्निंग पॉइंट', भारतीय विज्ञानाच्या इतिहासावरची 'भारत की छाप' ही मालिका, हे सारे ४:३ आकारात चित्रित झालेले धन आहे. ते आज रुंद पडद्यावर दाखवताना बाजूंना काळ्या पट्ट्या नकोत म्हणून वरखाली कापले, तर ५७६ पैकी १४४ रेषा जातात. फळ्यावरची शेवटची ओळ आणि प्रयोगाच्या टेबलावरचे भांडे बहुधा याच १४४ रेषांत असते. ताणले तर यशपालांचा चेहरा तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतो आणि त्यांच्या हातातला पृथ्वीगोल चपटा. जतन करणाऱ्या संस्थांनी मूळ चौकट जशीच्या तशी ठेवावी, बाजूंना काळे राहू द्यावे आणि फाइलीवर गुणोत्तराची खूण न चुकता लिहावी. मोबाइलच्या उभ्या ९:१६ पडद्यासाठी प्रक्षेपणाचे तुकडे कापणाऱ्यांनीही हिशोब करून पाहावा: पूर्ण उंची राखून १६:९ चित्र उभ्या चौकटीत कापले की रुंदीचा एक तृतीयांशही उरत नाही. आवर्तसारणीच्या अठरापैकी जेमतेम पावणेसहा स्तंभ.

पूर्वी कार्यक्रम सुरू होण्याआधी पडद्यावर चाचणीचित्र दिसे आणि त्याच्या मधोमध मोठे वर्तुळ असे. ते वर्तुळ गोल दिसते का, यावरून तंत्रज्ञ संच जुळवत. माझी सूचना अशी की इस्रोच्या प्रक्षेपणांच्या, ग्रहणांच्या आणि शैक्षणिक वाहिन्यांवरील पाठांच्या आधी दहा सेकंद असे एक वर्तुळ दाखवावे, आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांना टेकलेले चार बाण. घरच्या पट्टीने वर्तुळाची रुंदी आणि उंची मोजावी. दोन्ही सारख्या आल्या तर आकार बरोबर. एक दुसरीच्या पाऊणपट आली तर चित्र दाबले किंवा ताणले जात आहे. बाणांची टोके किंचित तुटली तर काळजी नको, कारण चित्रनळीचे संच कडेचा थोडा भाग नेहमीच झाकतात. डावे-उजवे बाण मुळापासून दिसेनासे झाले, तर मात्र बॉक्सचा मेनू उघडावा.